न उष्टावलेली कॉफी

दैर सुम्माक
१९ ऑक्टोबर १९८४

नायिफ,

सलाम. पत्रास कारण आहे, पण ते लगेच लिहीत नाही. आधी खुशाली.

हाज्जा तमाम डोळे दाखवायला अम्मानला निघाली आहे. नदीवरच्या पुलावर सैनिक म्हाताऱ्या बायकांच्या चपलांचे तळवेसुद्धा उकलून बघतात. हे पत्र तिने कुठे लपवलं ते मी विचारलं नाही, तूही विचारू नकोस. तुझ्या हातात पडेल तेव्हा जरा चुरगळलेलं असेल एवढंच.

आमचं बरं आहे. मुन्झिर बुखारेस्टला डॉक्टरी शिकतो आणि पत्रात फक्त थंडीबद्दल लिहितो. नजाह लग्नाची झाली आहे. बरहूमांच्या घरातून विचारणा होईल असं दिसतं, आमची ना नाही. तिचा बाप तसाच आहे. अबू मुन्झिर अजून दारावरून जाणाऱ्या गाढवालाही 'आत ये, कॉफी घे' म्हणतो.

टेकडीवर यंदा जैतून चांगलं धरलं आहे. आपल्या बापाची, याबांची, जुनी झाडं अशी लगडली आहेत की फांद्यांना टेकू द्यावे लागले. खालच्या बांधावरची काही रोपं तेवढी शेळ्यांनी खाल्ली. मधे एकदा एक जीप रस्ता चुकून वर आली होती, परत गेली. बाकी काही नाही.

तू माझ्याशी बोलणं सोडलंस त्याला याबांचं मरण जेवढं जुनं तेवढे दिवस झाले. बहिणी भावासाठी जमिनीतला वाटा सोडतात, उद्या नवऱ्याशी बिनसलं तर पाठीशी भाऊ उभा राहावा म्हणून. सगळ्यांच्या बहिणींनी सोडला. तुझ्या बहिणीने काझीसमोर उभं राहून सांगितलं, माझा तिसरा हिस्सा मला हवा. तू निरोप धाडलास, मला बहीण नाही. मी तेव्हाही माफी मागितली नव्हती आणि आजही मागणार नाही. ते भांडण उकरायला हे पत्र नाही.

कारण असं. गेल्या जुम्म्याला सलफीतच्या बाजारात एक माणूस म्हणाला, नायिफने टेकडीतला आपला वाटा अबू साजीला विकला. अबू साजी तुला आठवत नसेल. पूर्वी मेंढ्यांचा दलाल होता, आता जमिनीचा आहे, आणि त्याने घेतलेल्या जमिनीवर वर्षभरात कुणाच्या वसाहतीची लाल कौलं चढतात ते सगळ्या जिल्ह्याला ठाऊक आहे. मी त्या माणसाला म्हटलं, तुझ्या तोंडात माती.

बरोबर म्हटलं ना? तेवढं एक कळव. पत्र लिहायचं नसेल तर हाज्जाला नुसतं 'हो' म्हण.

रस्मिया


२ डिसेंबर १९८४

नायिफ,

हाज्जा परत आली. म्हणाली, 'तुझ्या भावाने पत्र घेतलं, खिशात ठेवलं, मला चहा दिला, आणि उरलेला सगळा वेळ तुमच्या झर्क्यात टोमॅटो किती महाग झाले ते सांगत बसला.' मी विचारलं, 'हो म्हणाला का गं?' ती म्हणाली, 'हो नाही आणि नाहीपण नाही. दाढी पिकली आहे त्याची.'

तर आता नीट लिहिते. मागच्या पत्रात मी हातचं राखून लिहिलं होतं.

शेळ्या करवत वापरत नाहीत, नायिफ. खालच्या बांधावरची रोपं बुंध्यातून कापलेली होती, एका उंचीवर, सरळ. आणि ती लष्कराची जीप रस्ता चुकली नव्हती. त्यातला एक माणूस उतरून आपल्या बांधांवरच्या दगडांना लाल रंगाचे ठिपके लावून गेला. याबांनी हद्दीवर लावलेले रानकांदे त्याने बुटाने तुडवले. ते काय, पुन्हा उगवतात. आम्ही उगवू का, ते माहीत नाही.

मी नाब्लुसला वकिलाकडे गेले होते. उस्ताद लबीब, याबांच्या ओळखीतला. त्याने सांगितलं ते तुला कुणी सांगितलं आहे का, कुणास ठाऊक. म्हणून मी सांगते. सदुसष्टचं युद्ध संपल्यावर त्यांचे सैनिक घरोघर माणसं मोजत फिरले, तेव्हा तू कुवेतला होतास. ज्याला मोजलं नाही तो त्यांच्या लेखी गैरहजर, आणि गैरहजराची जमीन सरकार सांभाळायला घेतं. कसं सांभाळतं ते तुला कळतं. म्हणजे टेकडीचे दोन हिस्से कागदावर तुझे उरलेच नाहीत. तुझ्याकडे विकायला काही नाही, भावा.

हे ऐकून मला आधी हायसं वाटलं. बाजारातला माणूस खोटा ठरला. मग वाटेत बसमध्ये एक प्रश्न सुचला. तुझ्याकडे विकायला काही नाही, तर अबू साजी तुझं नाव का घेतो?

मी उस्तादला विचारलं होतं, 'मग सगळी टेकडी त्यांनी अजून घेतली का नाही?' तो म्हणाला, 'तुझ्यामुळे. वाटणी झालेली नाही. तुझा तिसरा हिस्सा कुठल्या बांधावर संपतो ते कुणालाच सांगता येत नाही, म्हणून प्रत्येक दगडात तू आहेस. फक्त जमीन पडीक ठेवू नकोस. नांगरत राहा. पडीक दिसली की ती कुणाचीच नाही म्हणायला ते मोकळे.'

ऐकलंस? त्या दिवशी काझीसमोर मी तुझी चांगली बहीण झाले असते, तर आज टेकडी उरली नसती. एवढंच लिहून सोडते. टोचून बोलायची सवय जात नाही.

आम्ही नांगरायला गेलो. अबू मुन्झिर खेचराच्या मागे आणि मी दगड वेचत. भर दुपार होती, ऊन होतं, खाली गावातून भाकरीचा वास येत होता. जीप आली तेव्हा अबू मुन्झिरने नांगर थांबवला. मी म्हटलं, 'थांबू नका, चालवत राहा,' पण खेचरच थांबलं.

उतरलेल्या माणसाचे बूट स्वच्छ होते आणि अरबी आपल्यासारखीच, रेडिओवरची नव्हे. त्याने मला 'खाला' म्हटलं, मावशीला म्हणावं तसं. 'खाला, हे कुणाचं?'

'माझं.'

'आणि भावाचं?'

'तो इथे नाही.'

'माहीत आहे,' तो म्हणाला आणि हसला. 'नायिफ कसा आहे? गुडघा दुखतो ना त्याचा अजून?'

तुझा गुडघा दुखतो हे मला माहीत नव्हतं. माझ्या सख्ख्या भावाचा गुडघा दुखतो हे मला त्या माणसाने सांगितलं. माझी पाचावर धारण बसली. तो गेल्यावर अबू मुन्झिर म्हणाला, 'गोड बोलला बिचारा.' मी त्याला जे म्हटलं ते कागदावर लिहिण्यासारखं नाही.

तुझ्या गुडघ्याबद्दल त्यांना कुणी सांगितलं?

रस्मिया


२१ फेब्रुवारी १९८५

नायिफ,

हे पत्र चुलीपाशी बसून लिहिते आहे. घरात माझ्याशी कुणी बोलत नाही, त्यामुळे लिहायला निवांतपणा आहे.

गेल्या गुरुवारी आमच्याकडे माणसं आली. शेजारच्या गावचा हाज्ज रशाद पुढे, मागे चार-पाच पांढऱ्या दाढ्या, सगळ्यांच्या खांद्यांवर इस्त्रीचे लांब अबाये. नजाहने खिडकीतून बघितलं आणि लाजून आत पळाली. आम्हाला वाटलं, बरहूमांनी मागणीसाठी धाडले. अबू मुन्झिरची तर छाती अशी फुगली की बटण तुटायचं. हाज्ज रशादसारखा माणूस आपल्या उंबऱ्यात! त्याने भांडणं मिटवलेली, खून मिटवलेले, त्याच्या शब्दावर दोन गावं चालतात.

मी वेलदोडे घालून कॉफी केली. अबू मुन्झिरने आपल्या हाताने ओतून दिली. हाज्ज रशादने पेला घेतला आणि समोर खाली ठेवला. मग बाकीच्यांनीही ठेवले.

पुढचं तुला ठाऊक आहे. तू तिकडे कितीही शहरी झालास तरी हे विसरला नसशील. पाहुणा पेला खाली ठेवतो म्हणजे त्याला काही मागायचं असतं, आणि दिल्याशिवाय तो घोट घेत नाही. याबा आपल्याला सांगायचे, 'पेला खाली ठेवला की आधी विचार, काय हवं. मग गप्प बस. मग पुन्हा विचार. आणि त्यानंतरच म्हण, प्या. एकदा प्या म्हटलंस की तुझी जीभ तुझी राहिली नाही.'

अबू मुन्झिरने विचारलं नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला. 'हाज्ज, प्या! ज्यासाठी आलात ते तुमचं झालं! न मागता दिलं!'

मी दाराआड उभी होते. हाज्ज रशाद म्हणाला, 'अल्ला तुझं घर भरो, अबू मुन्झिर. आम्ही टेकडीसाठी आलो होतो.'

मग मागच्या ओळीतून एक आवाज आला, मऊ, तुपात घोळलेला. 'दगडाची खाण काढायची आहे, रामल्लाची कंपनी आहे, गावातल्या पोरांना काम मिळेल.' मी फटीतून बघितलं. इस्त्रीच्या अबायात अबू साजी.

अबू मुन्झिरचा चेहरा चुन्यासारखा झाला. शब्द गेला होता, चांगल्या माणसांसमोर गेला होता, आणि तो मोडणं म्हणजे उद्या कुणी त्याच्या सलामाला उत्तर देणार नाही. हाज्ज रशादचा हात पेल्याकडे निघाला.

नायिफ, मी कधी पुरुषांच्या बैठकीत गेले नव्हते. मी आत जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, 'हाज्ज, घोट घेण्याआधी ऐका. अबू मुन्झिरने जे त्याचं आहे ते दिलं. घर त्याचं आहे, घ्या. खेचर त्याचं आहे, न्या. टेकडी माझ्या बापाची आणि त्याच्यामागे माझी. तिच्यासाठी तुम्ही माझ्यासमोर पेला ठेवलेला नाही, आणि मी कुणाला प्या म्हटलेलं नाही.'

एक जण म्हणाला, 'बाई, नवऱ्याचा शब्द पाडतेस?'

'पाडत नाही. मोजते आहे.'

हाज्ज रशाद माझ्याकडे बघत राहिला. मग मान न वळवता त्याने विचारलं, 'अबू साजी, कंपनीच्या मालकाचं नाव काय?'

अबू साजीने नाव सांगितलं.

'बापाचं?'

अबू साजी खोकला.

'गाव? कबरस्तान कुठलं त्यांचं?'

मालक नुसता नावाचा, कंपनी खरी कुणाची ते म्हाताऱ्याला कळलं आणि तो उठला. पेला तसाच. मागोमाग सगळे उठले. एकानेही कॉफी उष्टावली नाही. भरलेल्या पेल्यांचं ते ताट मी उचललं तेव्हा सगळे पेले हिंदकळले आणि माझी ओढणी भिजली. टेकडी त्या दिवशी वाचली, पण अबू मुन्झिरच्या घरची कॉफी पाहुणे न पिता गेले, ही गोष्ट गावभर झाली. बरहूमांकडून अजून कुणी आलेलं नाही. नजाह माझ्याकडे बघत नाही.

आता जे लिहायला बसले ते. जाताना अबू साजी दारात चपला घालायला वाकला आणि हळूच मला म्हणाला, 'उम्म मुन्झिर, मी तुझ्या भावाच्या घरी कॉफी पिऊन आलोय. गरमागरम.'

तू त्याला काय दिलंस, नायिफ? त्याने पेला खाली ठेवला तेव्हा तू विचारलंस का, काय हवं? की तूही आमच्या अबू मुन्झिरसारखा?

रस्मिया


९ एप्रिल १९८५

नायिफ,

उत्तर नाही. चालेल. मी भिंतीशी बोलायला शिकले आहे. घरात दुसरं कोण आहे!

अबू मुन्झिर सबंध महिनाभर माझ्याशी बोलला नाही. मशिदीत शेवटच्या रांगेत बसायचा. मग एका सकाळी न सांगता त्याने खेचर सोडलं आणि वर गेला. मी मागून भाकरी, लबनेहचं घट्ट दही आणि झातरची पूड घेऊन गेले. तो वरच्या बांधाची पडलेली भिंत रचत होता. मला म्हणाला, 'दगड दे.' तेवढंच. मी दगड दिला. दुपारी जेवताना म्हणाला, 'तुझा बाप मला म्हणाला होता, पोरगी जिभेची तिखट आहे, विचार कर.' मी म्हटलं, 'मग केलात का?' तो म्हणाला, 'मी कधी विचार केलाय? लगेच प्या म्हटलं.' मी कितीतरी दिवसांनी हसले, नायिफ. आणि हसताना मला समोरच्या उतारावरची तार दिसली.

आपल्या टेकडीच्या पलीकडे, सालिबांच्या जमिनीवर, काटेरी तार आली आहे. दोन फिरती घरं ट्रकवर आणून ठेवली आहेत. एक पाण्याची टाकी, एक त्यांचा झेंडा. दिवसा कुणी दिसत नाही. फक्त एक माणूस खुर्चीत बसलेला असतो, मांडीवर बंदूक, आणि आमच्याकडे बघतो. आम्ही जेवतो तेव्हाही बघतो. मी भाकरी मोडते तेव्हा मला माझ्याच हाताची भीती वाटते, काही चुकीचं हलवलं तर.

मी परत उस्ताद लबीबकडे गेले. अबू साजीचं बोलणं त्याला सांगितलं. तो चष्मा पुसत बसला. मग म्हणाला, 'तुझ्या भावाकडून त्यांना जमीन नकोच आहे. भाऊ त्यांना मागायला हवा आहे.'

मला कळलं नाही.

'तू बाहेरच्याला देणार नाहीस, ते त्यांनी बघितलं,' तो म्हणाला. 'भावाला देशील. सगळ्याच देतात. तो परदेशातून येईल, पिकल्या दाढीने तुझ्या घरात बसेल आणि म्हणेल, बहिणी, माझ्या मनातली अढी काढ, तुझा हिस्सा मला सोड. तुला नाही म्हणता येणार नाही. ज्या दिवशी तू सोडशील त्या दिवशी सगळी टेकडी गैरहजर माणसाची. एक दमडी न देता.'

मी म्हटलं, 'माझा भाऊ असं करणार नाही.'

उस्ताद म्हणाला, 'त्याला कळणारही नाही की तो काय करतो आहे. त्याला सांगितलं असेल, सगळं एका नावावर कर, मग तुझा हक्क सिद्ध होईल, घरी परत येता येईल. परत येण्यासाठी माणूस काय मागणार नाही?'

नायिफ, तू मूर्ख नाहीस. पण तुला घरी यायचं आहे. त्याचीच मला भीती वाटते. चोर असतास तर मी इतकी घाबरले नसते.

रस्मिया


२५ जून १९८५

नायिफ,

हे पत्र हाज्जा तमामकडे नाही. तिच्या नातवाच्या बायकोचा भाऊ उद्या पूल ओलांडतो आहे. तू निघण्याआधी पोहोचलं तर बरं. नाही पोहोचलं तर जे व्हायचं ते होईल.

काल तुझा मेहुणा, तुझ्या बायकोचा भाऊ, येऊन सांगून गेला की तुला उन्हाळ्याच्या भेटीचा परवाना मिळाला, पुढच्या महिन्यात येतोस. परवान्याचा अर्ज त्याने केला म्हणे. बहिणीला नाही सांगितलंस, मेहुण्याला सांगितलंस, तेही सोडलं. पण त्याने आणखी एक सांगितलं. अर्ज दिला आणि आठवड्यात मंजूर झाला. हाज्जाच्या मुलीचा अर्ज तीन उन्हाळे पडून आहे. सालिबांची म्हातारी मेली तेव्हा तिच्या मुलाला मातीला येऊ दिलं नाही. तुला आठवड्यात. मी तुझ्या मेहुण्याला विचारलं, 'एवढ्या लवकर कसा?' तो म्हणाला, 'नशीब त्याचं.'

कापलेली रोपं बघून माझ्या काळजाचं जेवढं पाणी झालं नव्हतं तेवढं ते ऐकून झालं.

मी तुला येऊ नकोस म्हणत नाही. तसं लिहायला बसले होते, हात उचलला नाही. तुला मी शेवटचं बघितलं तेव्हा तुझे केस काळे होते आणि तू माझ्या डब्यातले अंजीर चोरून खात होतास. ये. अबू मुन्झिर कोंबडी मारेल, मी कांदा आणि आंबट सुमाक घालून गेल्या हंगामाच्या तेलात रोट्या भिजवीन. ते तेल तुझ्यासाठी वेगळं ठेवलं आहे, वरच्या जुन्या झाडांचं. नजाहला तुला बघायचं आहे. बरहूमांकडून पुन्हा निरोप आला, पण ती म्हणते, मामा आल्याशिवाय बोलणी नकोत. बघ, तुझी वाट बघणारं एक माणूस तरी सरळ मनाचं आहे.

तुझ्या गुडघ्याला चढ झेपणार नाही म्हणून खेचर ठेवू. वर घेऊन जाईन. तो खुर्चीतला माणूस बघेल, बघू दे. रानकांदे पुन्हा वर आले आहेत, याबांनी लावले त्याच ओळीत.

पण आधी तू बैठकीत बसशील. मी कॉफी आणीन. अबू मुन्झिर नाही, मी. माझ्या हाताने ओतून तुझ्या हातात देईन. मी तो पेला देताना काय बघत असेन ते तुला आत्ताच सांगते, म्हणजे नंतर म्हणू नकोस की बहिणीने फसवलं. मी तुझा चेहरा बघणार नाही, पिकलेली दाढी बघणार नाही. मी तुझा हात बघीन.

तू माझं रक्त आहेस. त्या बैठकीत तू पेला खाली ठेवलास तर मला विचारावं लागेल, काय हवं. आणि तू मागितलंस तर याबांच्या टेकडीसाठी उभी राहून जिने एवढ्या सगळ्यांना नाही म्हटलं, ती तुला नाही म्हणू शकेल का, ते मला माहीत नाही. खरंच माहीत नाही, नायिफ. एवढे महिने मला त्या जीपची भीती वाटत होती, तारेची, खुर्चीतल्या माणसाची. आता मला फक्त तुझ्या हाताची वाटते.

रोजे संपले, ईद झाली, न पिण्याला निमित्त नाही. माझी कॉफी कडू असते, लहानपणी तू तोंड वाकडं करायचास. वाकडं कर. जीभ भाजली तर भाजू दे.

फक्त पेला खाली ठेवू नकोस.

तुझी बहीण
रस्मिया